भजनाला आलेली मांजरं

पिंपळदरीच्या भजनी मंडळात देवराम अप्पांच्या हातात टाळ होते आणि शेवटपर्यंत टाळच राहणार, याबद्दल गावात एकमत होतं. पिंपळदरीत एकमत होणाऱ्या गोष्टी फार थोड्या, म्हणून ही सगळ्यांच्या लक्षात राहिलेली. अप्पांची भक्ती अस्सल होती, गळ्यातली तुळशीची माळ लग्नाच्या आधीची होती, आणि पाठांतर असं की कीर्तनात एखादं चरण अडलं तर झुंबर महाराजसुद्धा मान वळवून त्यांच्याकडे बघत. अडचण आवाजाची होती. घशातून निघताना तो बरा असावा. पण बाहेर येईपर्यंत वाटेत त्याचं काहीतरी होई. चांदवडहून वणीकडे जाणारी एसटी चढावर गिअर बदलते तेव्हा असाच आवाज येतो, असं सोमनाथ म्हणायचा. "फरक येवढाच," तो पुढे जोडायचा, "यष्टी कधी ना कधी वर पोचती."

सोमनाथला हे बोलण्याचा अधिकार होता, कारण मंडळात गळा त्याचाच होता. माघातल्या सप्ताहाची वीणा गेली कैक वर्षं पहिल्यांदा त्याच्याच गळ्यात पडायची. या विणेचा नियम कडक. सप्ताह सुरू झाला की तो संपेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात असेल त्याने उभं राहून नामस्मरण चालू ठेवायचं आणि दुसऱ्या कुणी पुढे येऊन ती आपल्या गळ्यात घेतली तरच सुटायचं. पहिला विणेकरी म्हणजे गावातला सगळ्यात स्वच्छ माणूस. तो म्हणेल ती चाल, तो धरेल तो सूर.

अप्पांना जन्मात दुसरं काही नको होतं. बाकी सगळं त्यांना मिळालं होतं. द्राक्षाची बाग होती, मंगलाबाईंसारखी बायको होती, मुलगा धनराज अंबडच्या कारखान्यात चिकटला होता आणि सून नाशिकची, एम.एस्सी. झालेली मिळाली होती. पण मागच्या रांगेत उभं राहून टाळ कुटताना त्यांचं लक्ष विणेवर असायचं. "टाळ जरा जोरात वाजू द्या, अप्पा," असं त्यांना दर एकादशीला प्रेमाने सांगितलं जायचं. त्यामागचा हेतू त्यांना कळत नव्हता असं नाही.

मग अप्पांच्या बागेत मांजरं यायला लागली.

त्याची सुरुवात अशी झाली. धनराज कारखान्यात शिफ्ट करणार आणि बाग सून बघणार, अशी घरात वाटणी होती. सुनेचं नाव तृप्ती. एम.एस्सी.ला तिचा विषय प्राणिशास्त्र. त्याचा द्राक्षाशी काय संबंध, हे अप्पांनी लग्न ठरवतानाच विचारलं होतं आणि "दोन्ही जिवंत असतात," असं उत्तर मिळाल्यावर पुन्हा काही विचारलं नव्हतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ती म्हणाली, "अप्पा, यंदा ड्रिपमधून समुद्रातलं टॉनिक देऊ या का? मी घरीच करीन."

समुद्री शेवाळाचा अर्क अप्पांना माहीत होता. दुकानात त्याच्या बाटल्या असतात आणि बाटलीवर हिरवीगार पानं असतात. त्यांनी मान हलवली. गोठ्यामागे निळा प्लॅस्टिकचा पिंप आला. घरातला गूळ लवकर संपू लागला. गोठ्यामागून काकवीसारखा आंबूस-गोड वास यायला लागला. समुद्र अप्पांनी एकदाच, हाजीअलीजवळ, एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. त्याला असाच काहीतरी वास असणार, असं त्यांनी धरलं.

त्याच सुमारास नाशिकच्या कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर कुणीतरी त्यांना सांगितलं की वेलींना संगीत ऐकवलं की घड चांगले येतात. संगीत कुठलं, हे त्या माणसाने सांगितलं नाही. अप्पांना सांगण्याची गरजही नव्हती. त्यांनी धनराजला बसवून आपली भजनं मोबाइलवर घेतली, पेन ड्राइव्हमध्ये भरली, आणि एक स्पीकर आणून बागेच्या मधोमध खांबाला बांधला. वायर ओढली ती मोटारीच्या पेटीतून, कारण पेटी जवळ होती. शेतीची लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, ड्रिप सुरू व्हायचं आणि त्याच क्षणी अप्पाही सुरू व्हायचे.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या सिंधुबाईंचं पट्ट्यापट्ट्यांचं मांजर आलं. मग त्याच्या ओळखीची आली. मग ज्यांची कुणाची गावात ओळख नव्हती अशी, वस्तीवरची, फाट्यावरच्या ढाब्याची, सगळी येऊ लागली. लाइट आली, अप्पांचा पहिला आलाप स्पीकरमधून बाहेर पडला, की कुंपणाखालून एकेक मांजर आत शिरायचं आणि वेलींच्या ओळीत, खोडाकडे तोंड करून, शेपटी पायाशी गुंडाळून बसायचं. तोंड खोडाकडे का, हा प्रश्न अप्पांना पडला होता. मुकं जनावर लाजत असेल, असं उत्तर त्यांनीच काढलं.

कुणीतरी व्हिडिओ घेतला. 'हरिनामाची ताकद बघा' म्हणून तो पंचक्रोशीतल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. लोक बघायला आले. झुंबर महाराज स्वतः आले, बांधावर हात जोडून उभे राहिले आणि अप्पांचा सूर ऐकू येऊनसुद्धा उभेच राहिले. यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

त्यात घडांनी कमाल केली. मण्यांना अशी फुगवण आणि अशी चकाकी की पिंपळगावचा व्यापारी एक मणी उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिला आणि मग तो खायला विसरून खिशात टाकून गेला. "काय टाकलं, अप्पा?" लोक विचारायचे.

"काही नाय," अप्पा म्हणायचे. "नाम."

द्राक्षांचं कारण कुणाला सांगता येईना, मांजरांचं कारण कुणाला सांगता येईना. तेव्हा दोन्हींचं मिळून एकच कारण ठरवणं गावाला सोयीचं गेलं. गावात एका महिन्यात इतके स्पीकर आले की संध्याकाळी लाइट आल्यावर पिंपळदरीत कोण कुणाला काय सांगतोय ते कळेना. सगळ्यात मोठा स्पीकर सोमनाथचा. गळाही त्याचाच. मांजर मात्र एक येईना.

"सूर लागून उपेग नाय, सोमनाथ," बारकू त्याला पारावर म्हणाला. बारकूचा कांदा होता, द्राक्ष नव्हती, त्यामुळे तो निर्भीड होता. "आतून यावं लागतं."

"मांजरांना काय कळतंय गाण्यातलं?"

"गाण्यातलं नाय कळत. म्हणून तर तुझ्याकडं येत नाय."

आणि पौर्णिमेच्या बैठकीत झुंबर महाराजांनी जाहीर केलं की, "गळा काय, देवानं कुणालाही दिलेला असतो. पण ज्याच्या नामाला मुकी जनावरं वळतात, त्याच्या गळ्यात यंदाची पहिली वीणा पडली पाहिजे." सोमनाथने टाळी वाजवली. एकदाच.

अप्पा घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. मंगलाबाईंनी पाणी आणलं. "काय झालं?"

"वीणा," अप्पा म्हणाले. मंगलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मग, का कोण जाणे, सुनेकडे बघितलं. सून गूळ फोडायच्या कामात एकदम गढून गेली.

सप्ताह आठवड्यावर आला आणि मांजरं कमी व्हायला लागली.

आधी ढाब्याची गेली. मग वस्तीवरची. अप्पांनी आवाज वाढवला. हळद-मिठाच्या गुळण्या सुरू केल्या, ताक सोडलं, मफलर गुंडाळला. बचत गटाच्या बाया तृप्तीकडे सारख्या येत-जात होत्या, धनराज कारखान्यातून आणखी रिकामे निळे पिंप आणत होता, पण अप्पांचं लक्ष मांजरांवर होतं. संध्याकाळी ते बागेत उभे राहून आपलीच भजनं कान देऊन ऐकत आणि कुठे चुकलं ते शोधत. तेवढ्यात बातमी आली की सोमनाथच्या बागेत मांजरं बसायला लागलीत. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. "त्याचा गळा अन् माझी भक्ती," ते मंगलाबाईंना म्हणाले, "देवानं आता गळ्याचा पक्ष घेतला."

याच काळजीत ते बागेत फिरत असताना त्यांना दिसलं की ड्रिप कुठेच थेंबही टाकत नाही. फिल्टर तुंबला असणार. मोटार बंद करून त्यांनी फिल्टर उघडला, जाळी काढली, तळहातावर झटकली. जाळीतून एक शेपूट पडलं.

लांब, उंदरासारखं निमुळतं शेपूट. त्याला चिकटलेला काटा, आणि काट्याला चिकटून सोनेरी चमकणारे दोन-चार ठिपके. अप्पांनी ते उन्हात धरलं, व्यापाऱ्याने मणी धरला होता तसंच. मग ते गोठ्यामागे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या निळ्या पिंपाचं झाकण उघडलं.

आतून मांदेलीने त्यांच्याकडे बघितलं.

"तृप्ती!"

तृप्ती धावत आली, झाकण बघितलं, अप्पांचा तळहात बघितला आणि पदर खोचून उभी राहिली. मंगलाबाई तिच्या मागे आल्या.

"शेवाळाला तोंड असतं का?" अप्पांनी विचारलं.

"शेवाळ मी म्हणालेच नव्हते, अप्पा. समुद्रातलं म्हणाले होते."

"हे काय हाय?"

"मांदेली." आणि इथे तृप्तीची चूक झाली. चूक अशी, की तिला या विषयाबद्दल विचारलं की थांबता यायचं नाही. एम.एस्सी.चा प्रकल्प तिने मांदेलीवरच केला होता. कारण तिच्या मार्गदर्शक सरांना मांदेली आवडायची आणि मोजमाप झालेले नमुने ते घरी घेऊन जायचे. "वीतभर मासा असतो, अप्पा. किनारा सोडून फार लांब जात नाही. खाडीच्या तोंडाशी, उथळ गढूळ पाण्यात थव्यानं राहतो. जवळा खातो. तोंड केवढं मोठं, बघा ना, पार गालाच्या मागपर्यंत उघडतं. आणि पोटाखाली हे सोनेरी ठिपके, रांगेत—"

"थव्यानं राहतो, गढूळात राहतो, तोंड मोठं," अप्पा म्हणाले. "आपल्या मंडळासारखंच की. पुढं?"

"जवळजवळ वर्षभर थोडी थोडी अंडी घालत असतो, म्हणून किती पकडला तरी पुन्हा होतो. पण जगतो दोन-तीन वर्षं. आणि अंग इतकं मऊ, की जाळ्यातून काढेपर्यंत निम्मा चेपतो, बर्फ नाही मिळाला तर त्याच दिवशी खराब. चांगला असेल तो लोक कुरकुरीत तळून खातात, काट्यासकट. उरलेला वाळवतात, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. आणि चेपलेला कुणी घेत नाही. तो मी नाशिकच्या बाजारातून आणते. गुळात मुरवला की त्याच्या अंगातलं सगळं सुटं होतं आणि वेलीच्या मुळाला आयतं मिळतं. फुगवण उगाच नाही आली, अप्पा."

अप्पांनी पिंपात पुन्हा डोकावलं. एवढासा जीव, दोन वर्षांचं आयुष्य, आणि त्यातून आपली फुगवण. त्यांना त्या माशाबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःबद्दल त्याहून वाईट वाटलं.

"गळ्यात माळ घालून मी चार महिने मासळी शिंपतोय," ते म्हणाले.

"आपण कोंबडखत टाकतोच की."

"ते कोंबडीनं टाकलेलं असतं, तृप्ती. कोंबडी टाकलेली नसते."

यावर एम.एस्सी.त काही शिकवलेलं नव्हतं. अप्पा मंगलाबाईंकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"मग गूळ कोण काढून देत होतं?" मंगलाबाई म्हणाल्या. "घरात गूळ कमी होतोय अन् बाईला ठाऊक नाय, असं कुठं असतं का?"

अप्पा पिंपाच्या बाजूला, शेणाच्या पाटीवर बसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. मासळीचा नव्हता तो. "मग मांजरं?"

तृप्ती पिंपाचं झाकण लावू लागली.

"कशाला येत होती? माझ्या आवाजाला का हिला?"

"आपण बघू ना, अप्पा," तृप्ती मऊपणे म्हणाली. "सोपं आहे. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आम्हाला तसंच शिकवलंय."

पहिल्या संध्याकाळी तिने ड्रिपला नुसतं पाणी सोडलं आणि अप्पांना पूर्ण आवाजात लावलं. अप्पा कुंपणाकडे डोळे लावून बसले. एक भजन झालं, दुसरं झालं. बाग रिकामी. तिसऱ्या भजनाला कुंपण हललं आणि एक पांढरं, निळ्या डोळ्यांचं, म्हातारं मांजर आत आलं. ते सावकाश चालत थेट अप्पांच्या पायाशी आलं, बसलं आणि त्याने डोळे मिटले.

"आलं!" अप्पा ओरडले. "तृप्ती, एक आलं बघ! नुसत्या नामाला आलं!"

दुसऱ्या संध्याकाळी स्पीकर बंद आणि ड्रिपला मांदेली. उरलीसुरली सगळी मांजरं आली, नेहमीपेक्षा लवकर आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता असं अप्पांना वाटलं. तरी त्यांनी धीर सोडला नाही. ते पांढरं एक होतं ना. एक तर एक.

तेवढ्यात कुंपणाशी सिंधुबाई आल्या. "अप्पा, माझी पांढरी इकडं आली का? हाका मारून काय उपेग नाय तिला. जन्मापासनं ठार बहिरी हाय ती. कोण बसलेलं दिसलं की त्याच्या पायाशी जाऊन झोपती, झालं."

अप्पांनी पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला.

त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं, की वीणा घ्यायची नाही, आणि का घ्यायची नाही तेही सांगायचं. मंगलाबाईंनी समजावलं. "कुणाला दिसलंय का? कुणी विचारलंय का?"

"देवाला दिसलंय."

"देवाला पहिल्या दिवसापासनं दिसतंय. त्यानं काय म्हटलं का? उलट फुगवण दिली."

"मला वीणा माझ्या नामासाठी नाय मिळाली, मंगला. मांदेलीसाठी मिळाली. मग तिच्याच गळ्यात घाला की."

झुंबर महाराजांना ते दोनदा भेटायला गेले. एकदा महाराज मंडपाच्या कामात होते. दुसऱ्यांदा अप्पांनी "महाराज, माझ्या बागेत एक गोष्ट—" एवढं म्हटल्याबरोबर महाराजांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "बागेच्या गोष्टी बागेत ठेवाव्यात," असं म्हणाले आणि लगबगीने आत गेले. लगबगीचं कारण अप्पांना कळलं नाही.

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी मंडप भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. पुढे मृदंग, पेटी. झुंबर महाराजांनी वीणा दोन्ही हातांत घेतली, अप्पांना पुढे बोलावलं, आणि अप्पा तोंड उघडायच्या आत ती त्यांच्या गळ्यात अडकवून तीन पावलं मागे सरकले.

अप्पांनी विणेला हात लावला. ती त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती. इतकी वर्षं लांबून बघितलेली गोष्ट हलकी निघाली, याचंच त्यांना रडू यायला लागलं. ते पुसून ते म्हणाले, "रामकृष्णहरी, मंडळी. मी हिच्या लायकीचा नाय. माझ्या बागेत मासळी हाय."

मृदंगावरचा हात थांबला.

"मांदेली," अप्पांनी स्पष्ट केलं. "गुळात मुरवून मुळाला देतो. मांजरं तिला येत होती. माझ्या आवाजाला कोण येत नाय, हे तुम्हाला ठाऊकच हाय."

कुणी हसलं नाही. अप्पांना वाटलं होतं आता गलका होईल, कुणी 'शिव शिव' म्हणेल, सोमनाथ तर उठून उभाच राहील. पण मंडपात असं काही झालं नाही. पुरुष सतरंजीची वीण बघू लागले. बायांच्या बाजूला अचानक कुणाकुणाला खोकला आला.

"अप्पा, तुम्हाला बरं वाटत नाय," सोमनाथ हळूच म्हणाला. "उपासाचं पित्त चढलंय. असं काय नसतं."

"असं हाय. पिंप हाय माझ्या गोठ्यामागं. चल, दाखवतो."

"कशाला दाखवायचं? आम्ही काय म्हणलं का, नाय म्हणून?"

"मग घे." अप्पांनी वीणा गळ्यातून काढली आणि जमिनीला लागू नये म्हणून उंच धरली. "नियमानं मला खाली ठेवता येत नाय. तुझा गळा हाय, तुझी इतक्या वर्षांची वीणा हाय. घे."

सोमनाथने हात मागे घेतले. मग, ते पुन्हा पुढे येतील या भीतीने की काय, पाठीशी बांधले.

"घे ना!"

सोमनाथने बायांच्या बाजूला बघितलं. त्याची बायको बघत होती तृप्तीकडे, आणि तृप्ती बघत होती छताच्या झालरीकडे. अप्पांनी त्या नजरांचा माग काढला आणि त्यांच्या लक्षात आलं की बचत गटाच्या सगळ्या बाया एका ओळीत, सुनेच्या आजूबाजूला, एकमेकींना चिकटून बसल्यात, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दुकान बंद व्हायची काळजी आहे. अंबडच्या कारखान्यातून धनराज रिकामे निळे पिंप का आणत होता, एका बागेला इतके कशाला लागतात, हा प्रश्न अप्पांना आत्ता पडला आणि आत्ताच सुटला.

"ज्याच्या बागेत मासळी नाय," अप्पा सावकाश म्हणाले, "त्यानं पुढं यावं आन् ही घ्यावी."

मंडपात इतकी शांतता झाली की बाहेर महाप्रसादाच्या कढईत फोडणी पडलेली ऐकू आली. मागून एकदम बारकू उठला. छाती पुढे काढून, टोपी सारखी करून तो दोन माणसं ओलांडून आला. "द्या इकडं! माझ्याकडं द्राक्षच नाय!"

"बसा खाली," बायांच्या बाजूने त्याच्या बायकोचा आवाज आला. "कांद्याला टाकलंय."

बारकू होता तिथेच बसला. तिथे सोमनाथची मांडी होती, तीही त्याला चालली.

आता सगळ्यांच्या नजरा झुंबर महाराजांवर गेल्या. महाराज गावातले नव्हते. त्यांची बाग चार कोसांवर होती. महाराजांनी उपरण्याने घाम पुसला. "मंडळी," ते म्हणाले, "विचार करा. वेलीच्या मुळाला तोंड आहे का? नाही. ज्याला तोंड नाही त्याला खाणं नाही. ज्याला खाणं नाही त्याला शाकाहार कुठला आणि मांसाहार कुठला?"

"महाराज, मग तुम्ही घ्या," अप्पा वीणा पुढे करून म्हणाले.

"मला कीर्तन आहे," महाराज म्हणाले, आणि ते खरं होतं, रात्री होतं. मग ते अप्पांच्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, उघडपणे बोलणारा तुम्ही एकटेच निघालात. तुमच्याहून स्वच्छ माणूस आता मी कुठून आणू? अहो, आणि सूनबाईंना सांगा, माझ्या पिंपाचं झाकण नीट बसत नाही."

अप्पा वीणा धरून उभे राहिले. त्यांनी ती एकेका ओळीकडे नेऊन बघितली. ओळ मागे झुकायची. हात भरून आले. खाली ठेवायची सोय नव्हती, घ्यायला माणूस नव्हता, आणि सप्ताह तर सुरू झालेला. शेवटी त्यांनी केलं ते नियमानुसार एकच शिल्लक होतं. वीणा पुन्हा गळ्यात घातली, डोळे मिटले आणि नामाला सुरुवात केली.

आवाज होता तसाच होता. चढ लागला, गिअर पडला. मृदंगवाल्याने दात आवळून ठेका धरला. पेटीवाल्याने एक पट्टी शोधून पाहिली, दुसरी शोधून पाहिली आणि मग नुसता भाता मारत राहिला. पण गंमत अशी की त्या दिवशी अख्खं मंडळ अप्पांच्या मागे म्हणायला लागलं. एवढ्या जोराने पिंपळदरीत पूर्वी कुणी म्हटलं नव्हतं. अप्पांचा आवाज झाकावा म्हणून म्हणाले की आपापले पिंप झाकले जावेत म्हणून, ते कळायला मार्ग नाही. सोमनाथ तर घाम निथळेपर्यंत गात होता.

अप्पांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या पायाशी काहीतरी ऊबदार होतं. सिंधुबाईंचं पांढरं मांजर मंडपाच्या सगळ्या गर्दीतून वाट काढत आलं होतं आणि त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून, डोळे मिटून पडलं होतं. पहाटे अप्पांनी दोनदा अंघोळ केली होती आणि नवं धोतर नेसलं होतं. मांदेलीचा वास येण्याचं काही कारण नव्हतं. अप्पांनी मांजराकडे बघितलं. मग पुढचं चरण त्यांनी एक पट्टी वर घेतलं.

बायांच्या बाजूला सिंधुबाईंनी ते बघितलं. "अगं बाई, ही बहिरी इथं कुठं—" असं म्हणत त्या उठायला लागल्या. शेजारी मंगलाबाई बसल्या होत्या. त्यांनी समोरून नजर न काढता सिंधुबाईंच्या मांडीवर हात ठेवला आणि सप्ताहभर तो तिथून काढायची त्यांची तयारी दिसली नाही.